उजवा कोपरा

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर,
एक ठिपका येतो. यायचा.
पापणी लवली की गेला.
पहिला ठिपका: दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू.
मोजायचे सात सेकंद.
दुसरा ठिपका: ही झडप मीट, ती उघड,
आणि खाली बसलेल्या सहाशे जणांना कळता कामा नये
की घोडेस्वार एका रिळातून निघाला
नि दुसऱ्यात पोचला.

मडगावच्या थिएटरात हे मला सालू मेस्तांनी शिकवलं,
मी बारा वर्षांचा असताना.
त्यांच्या हनुवटीखाली डावीकडे काळा घट्टा होता,
व्हायोलिनचा.
सिनेमा मुका होता तेव्हा ते मुंबईत पडद्याखाली बसून
मारामारीला जलद वाजवत, चुंबनाला संथ,
कुणी मेलं की चर्चमधलं काहीतरी.
मग तिकडे अमेरिकेत सिनेमाला कंठ फुटला
आणि इकडे एका शनिवारी अकरा वादक बेकार झाले.
“त्यानं तोंड उघडलं, आमचं बंद झालं,” मेस्त म्हणत.
“म्हणून वर आलो, त्याच्या पाठीमागे.”

तेव्हा चित्राखाली पोर्तुगीज अक्षरं असत.
गोळी झाडणारा इंग्रजीत झाडी,
मरणारा पोर्तुगीजमध्ये मरे,
पुढच्या बाकांवरचे लोक दोन्हींचं कोंकणी करून
हसत, जरा उशिरानं.
एकसष्टच्या डिसेंबरनंतर जी रिळं आली
त्यांवर अक्षरं नव्हती.
नटांचे बूट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पडदा रुंद झाला. वाळवंट मावेना.
मालकानं नऊ फूट भिंत फोडली.
तिकडे म्हणे घरोघर टीव्ही आला होता,
त्याला घाबरून सिनेमानं हातपाय पसरले.
आमच्याकडे टीव्ही कुणी पाहिलाही नव्हता.
भीती त्यांची, भिंत आमची.

सत्तरीनंतर नायक दाढी करेनासे झाले,
शेवटी जिंकेनासे झाले.
उजेड इतका कमी, की मी सारखा कार्बनच्या कांड्यांशी झटे.
खालून ओरडा: “शाणू, दिवा लाव रे!”
आता कसं सांगू, तिकडेच लावला नव्हता.
मला ते सिनेमे आवडत. बोललो नाही कुणाला.
एकात युद्धावरून परतलेला माणूस नुसता जिना चढतो,
चार मिनिटं, संगीताशिवाय.
मी झरोक्यातून मागे पाहिलं:
मेस्तांची बोटं यंत्राच्या पत्र्यावर हलत होती.

मग तारवटी बोटीवरून व्हिडिओ आणू लागले.
आमच्या बाल्कनीत कबुतरं बसू लागली.
मेस्त गेले त्या रात्री शेजारच्या घरात
अंतराळयानं एकमेकांवर आदळत होती.
आवाज कुणी कमी केला नाही.
मीही सांगायला गेलो नाही. शेवट जवळ आला होता,
आणि शेवट तोडू नये, हे त्यांनीच शिकवलेलं.

त्यानंतर वादळं, गर्दी, बुडती जहाजं
सगळं संगणकात शिजू लागलं.
आणि एके दिवशी रिळांऐवजी एक डबी आली,
पोराच्या शाळेच्या डब्याएवढी,
कुलूप तिचं कुठूनतरी दुरून उघडणारं.
मी ती दोन्ही हातांनी उचलली, उगाच.
खांद्याला सवय होती.

काल नात पणजीला घेऊन गेली, मल्टिप्लेक्सला.
पडद्यावर माणसं उडत होती, कुणी पडत नव्हतं,
पडलं तरी लागत नव्हतं.
ऋजुता मधूनमधून कानात सांगे,
हा कोण, तो मागच्या भागात कसा मेला होता.
मी हो हो म्हणे. डोळे उजव्या कोपऱ्यात.
वीस मिनिटं झाली आणि
माझा हात आपणहून अंधारात पुढे गेला,
झडपेच्या उंचीवर, उघडा.

तिला वाटलं, मी मागतोय.
तिनं पंजात पॉपकॉर्न ठेवला.

सात सेकंद मी मूठ मिटली नाही.